मराठी विज्ञानकथेचीं दारें

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत कुरुंदा नांवाचें गांव आहे. हळद, ऊस आणि कापूस पिकविणारा हा मुलूख. जवळच टोकाईचा गड. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत या गांवाचें नांव आलें तें एका समीक्षकामुळें. नरहर कुरुंदकर यांच्या घराण्याचें हें मूळ गांव, आणि गांवावरून पडलेलें आडनांव त्यांच्या व्यासंगामुळें महाराष्ट्रभर पोंचलें. आतां या परिसराचा उल्लेख एका निराळ्याच कारणानें देशोदेशींच्या शास्त्रज्ञांच्या बोलण्यांत येऊं लागला आहे. वसमतच्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यांत गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी एक प्रचंड वेधशाळा योजिली आहे. केंद्र सरकारनें तिला २०१६ च्या फेब्रुवारींत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्यें अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारें २६०० कोटी रुपयांचा आहे.

कोट्यवधि प्रकाशवर्षांच्या पलीकडे दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं, तर त्या आघाताची थरथर जेथें मोजली जावयाची, ती जागा हळदीच्या शेतांपासून फार दूर नाहीं. अशा मुलखांतील एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला या विलक्षण सान्निध्यावर एखादी कथा सुचली, तर त्यांत नवल नाहीं. प्रश्न पुढचा आहे. ती कथा लिहून झाल्यावर पाठवावयाची कोठें? ती वाचणार कोण? शहरापासून दूर असलेल्या, कोणाही संपादकाची ओळख नसलेल्या लेखकाला मराठींत विज्ञानकथेचें दार उघडें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर मराठी विज्ञानकथेच्या इतिहासांतच सांपडतें.

प्रथम विज्ञानकथा म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. परीकथेंत चमत्काराला कारण लागत नाहीं. विज्ञानलेखांत कारण असतें, पण माणूस नसतो. विज्ञानकथा या दोहोंच्या मधल्या भूमीवर उभी असते. ती एक ‘जर’ घेते, विज्ञानाच्या ज्ञात नियमांशीं त्याचा सांधा जुळवितें आणि मग त्या ‘जर’मुळें माणसाच्या जगण्यांत काय उलथापालथ होईल, हें प्रामाणिकपणें शेवटपर्यंत पाहते. ‘जर’ कितीही धाडसी असला तरी चालतो. मात्र एकदां तो मांडल्यावर लेखकानें सोयीप्रमाणें नियम बदलावयाचे नसतात. वाचकाशीं केलेला हा करार जो पाळील, त्याची कथा तरते.

हा प्रकार मराठींत नवा नाहीं. कृष्णाजी नारायण आठल्ये हे ‘केरळ कोकिळ’ नांवाचें मराठी मासिक दूर कोचीन येथून चालवीत असत. त्या मासिकांतून १९०० सालीं ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचें भाषांतर क्रमशः येऊं लागलें. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचें हास्य’ ही कथा १९१५ सालची. त्याच सुमारास मराठी नियतकालिकांना एक नवें अंग फुटलें होतें. का. र. मित्र यांनीं १९०९ सालीं आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाबरोबर वाङ्मयाचें ताट वाढण्याची प्रथा महाराष्ट्रांत रूढ झाली. पुढें अनंत अंतरकरांनीं ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ हीं मासिकें चालविलीं. त्यांपैकीं ‘नवल’चें तर नांवच अद्भुताची आवड सांगणारें होतें. भा. रा. भागवतांनीं व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांच्या हातीं दिल्या. नारायण धारपांनीं भयकथेच्या जोडीला विज्ञानाचा धागाही हाताळला.

या इतिहासांत एक गोष्ट वारंवार दिसते. लेखक आधीं आणि त्याला छापणारें पान मागाहून, असा क्रम क्वचितच असतो. बहुधा पान आधीं मोकळें होतें आणि त्यासाठीं लिहिणारा मग पुढें येतो. बंगालचें उदाहरण मोठें मनोरंजक आहे. ‘कुंतलीन’ नांवाचें केशतेल तयार करणाऱ्या हेमेंद्रमोहन बोस यांनीं कथास्पर्धा जाहीर केली. कथेंत त्या तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटूं नये, अशी कल्पना होती. १८९६ सालीं तींत पारितोषिक मिळविणारी कथा लिहिली होती जगदीशचंद्र बोस यांनीं. समुद्रांतील वादळ तेलाच्या बाटलीनें शमविण्याची ती गंमतीदार कथा बंगाली विज्ञानकथेचा एक आरंभ मानली जाते. अमेरिकेंत ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं १९२६ सालीं केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक सुरू केलें, आणि पाहतां पाहतां तेथें लेखकांची एक पिढी उभी राहिली. प्रतिभा सर्वत्र असते; तिला ठराविक दिवशीं उघडणारें दार मात्र कोणी तरी मुद्दाम बसवावें लागतें.

मराठींत तें दार मराठी विज्ञान परिषदेनें बसविलें. ही संस्था १९६६ सालीं मुंबईंत स्थापन झाली, आणि १९७० पासून तिनें विज्ञान रंजन कथास्पर्धा घेण्यास आरंभ केला. चार वर्षांनीं, म्हणजे १९७४ सालीं, त्या स्पर्धेकडे ‘कृष्णविवर’ नांवाची एक कथा आली. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. या नांवाचा लेखक कोणाला माहीत नव्हता. परीक्षकांना कथा आवडली आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. नंतर उलगडा झाला, तो असा कीं हे जगताप म्हणजे जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलट क्रमानें लावून त्यांनीं हें टोपणनांव बनविलें होतें. एवढेंच करून ते थांबले नाहींत. आपलें अक्षर कोणी ओळखील, या शंकेनें त्यांनीं कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली.

या खबरदारीचें कारण समजून घेण्यासारखें आहे. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळें नारळीकरांचें नांव १९६४ पासून घरोघरीं झालें होतें. १९६५ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें होतें. त्या नांवानें कथा धाडली असती, तर ती छापली गेलीच असती. पण ती कथा म्हणून कशी आहे, हें त्यांना कधींच कळलें नसतें. कथेला निःपक्षपाती परीक्षक मिळावा म्हणून ज्ञात लेखक अज्ञात झाला. ज्या दारापाशीं नारळीकरांना जगताप होऊन उभें राहावेंसें वाटलें, त्याच दारापाशीं खराखुरा अज्ञात जगतापही तितक्याच हक्कानें उभा राहूं शकतो. मराठवाड्यांतील एखाद्या गांवच्या लेखकाला या घटनेंत घेण्यासारखें सर्वांत मोठें आश्वासन हेंच आहे.

त्या एका कथेचे पडसाद दूरवर उमटले. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनीं नारळीकरांना आणखी लिहिण्याचा आग्रह केला. १९७५ सालीं कऱ्हाड येथें भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनीं या नव्या प्रवाहाची दखल घेतली. पुढें ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा कथासंग्रह निघाला. ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या आल्या. दरम्यान बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशीं अनेक नांवें वाचकांच्या ओळखीचीं झालीं. अरुण साधूंसारख्या पत्रकार कादंबरीकारानेंही ‘विप्लवा’ लिहून या प्रांतांत पाऊल टाकलें. यांचे व्यवसाय पाहिले तर त्यांत विलक्षण वैचित्र्य आढळतें. फोंडके अणुसंशोधन केंद्रांत काम केलेले, जावडेकर रसायन अभियंते, घाटे भूशास्त्राचे पदवीधर आणि आकाशवाणीच्या नोकरींतले. मराठी विज्ञानकथा कोणा एका वाङ्मयीन वर्तुळाची मिरास होऊन राहिली नाहीं, त्याचें बरेंचसें श्रेय अशा मोकळ्या दाराला आहे.

मराठींतून या कथा बाहेरही गेल्या. नॅशनल बुक ट्रस्टनें बाळ फोंडके यांच्या संपादनाखालीं भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह १९९३ सालीं काढला. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ ही कथा अनुवादाच्या वाटेनें परदेशच्या वाचकांपर्यंत पोंचली. आणि २०२१ सालीं नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद जयंत नारळीकरांना देण्यांत आलें, तेव्हां या वाङ्मयप्रकाराला मराठीच्या दिवाणखान्यांत मानाची बैठक मिळाली. २० मे २०२५ रोजीं नारळीकरांचें निधन झालें.

मात्र या वैभवाच्या काळांतच दुसरी एक गोष्ट घडत होती. ज्या मासिकांनीं कथा हें आपलें मुख्य अंग मानलें होतें, तीं एकेक करून मिटूं लागलीं. ‘सत्यकथा’ १९८२ सालीं बंद पडली. नव्या लेखकाला महिन्यागणिक मिळणारी संधि वर्षांतून एकदां येणाऱ्या दिवाळी अंकापुरती उरली. म्हणून आज कोणतीं दारें उघडीं आहेत, याची मोजदाद करणें अगत्याचें झालें आहे.

पहिलें दार अर्थातच मराठी विज्ञान परिषदेचें. स्पर्धेबरोबरच परिषदेची स्वतःची मासिक पत्रिका आहे. दुसरें दार दिवाळी अंकांचें. दरवर्षीं शेंकड्यांनीं निघणाऱ्या या अंकांना कथा हव्या असतात. पण दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येते म्हणून कथा सप्टेंबरांत धाडणारा लेखक बहुधा उशीरच करतो. संपादकांची जुळवाजुळव पावसाच्या आरंभींच सुरू होते, आणि शेतांत पेरणी चालते त्याच दिवसांत कथेचेंही बीं पडावें लागतें. तिसरें दार आकाशवाणीचें. कानानें ऐकावयाच्या कथेला वर्णनाचा पसारा परवडत नाहीं. तिची भाषा बोलती आणि पात्रें मोजकीं लागतात. परभणी केंद्राच्या टापूंत राहणाऱ्या लेखकाला हें माध्यम घराजवळचें आहे. चौथें दार पुस्तकाचें. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना चालवितें. पुरेशा कथा गांठीशीं जमलेल्या लेखकानें ती माहीत करून घ्यावी.

आणखी एक दार लेखकांना स्वतःच उभारतां येतें. फिलिपाइन्स हा सहस्रावधि बेटांचा देश. तेथेंही अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिणारे विखुरलेले होते. डीन फ्रान्सिस आल्फार या लेखकानें २००५ सालीं अशा कथांचा एक संग्रह काढला, पुढें त्याचे खंडामागून खंड निघत गेले, आणि तेथील नव्या लेखकांना आपली कथा कोणासाठीं लिहावयाची, हें ठाऊक झालें. मराठवाड्यांतील विज्ञानकथांचा असा एखादा खंड निघूं नये, असें कांहींच कारण नाहीं. त्याला भांडवलापेक्षां सातत्य अधिक लागेल.

दार उघडें असलें तरी आंत जातांना आपला हक्क उंबऱ्याबाहेर ठेवून जाऊं नये. नवोदित लेखक छापून येण्याच्या आनंदांत याचा विचार करीत नाहीं. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणें स्वतंत्रपणें लिहिलेल्या कथेचा हक्क प्रथमतः लेखकाचाच असतो, आणि तो त्याच्या हयातींत व मरणोत्तर साठ वर्षें टिकतो. हा हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशींच द्यावा लागतो. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजतात. म्हणून कथा देतांना ती एकदां छापण्यासाठीं देत आहों कीं भाषांतर, नभोनाट्य, चित्रपट असे सारेच हक्क देत आहों, हें स्पष्ट विचारून घ्यावें. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी. एकच कथा एकाच वेळीं दोन संपादकांकडे धाडूं नये. तसें करणें म्हणजे आपल्याच पुढील वाटेवर कांटे पसरणें होय.

दारांची माहिती झाली, तरी आंत काय घेऊन जावयाचें हा प्रश्न राहतोच. नवे लेखक बहुधा येथें फसतात. विज्ञानकथा म्हटली कीं ती अमेरिकेच्या एखाद्या प्रयोगशाळेंत घडली पाहिजे, नायक परदेशांत शिकलेला पाहिजे, अशी त्यांची समजूत असते. कुरुंद्याच्या लेखकाला इतक्या लांब जाण्याचें प्रयोजन नाहीं. औंढ्याच्या नियोजित वेधशाळेचें काम कसें चालेल, एवढेंच तो पाहील तर पुरे. एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. त्यांतून धांवणारा लेसरचा किरण. टोकांना लोलकाप्रमाणें टांगलेले, प्रत्येकीं सुमारें चाळीस किलोंचे आरसे. गुरुत्वीय लहर आली कीं या भुजांच्या लांबींत अणुगर्भांतील प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक पडतो, आणि तो टिपावयाचा असतो. अमेरिकेंतील अशाच यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली. सूर्याच्या सुमारें २९ आणि ३६ पट वस्तुमानांचीं दोन कृष्णविवरें एकरूप झाल्याची ती वार्ता होती, आणि येथवर पोंचण्यास तिला सुमारें १३० कोटी वर्षें लागलीं होतीं.

इतकें नाजुक यंत्र आकाशाचेंच तेवढें ऐकतें असें नाहीं. रस्त्यावरून जाणारें वाहन, वाऱ्याचा झोत, समुद्राच्या लाटांची दूरची धडधड, जमिनींतील प्रत्येक कंप त्याच्यापर्यंत येतो. शास्त्रज्ञ या साऱ्याला गोंगाट म्हणतात आणि तो गाळून टाकण्यासाठीं जिवाचें रान करतात. आतां वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे या गांवाचा विचार करावा. तेथील लोकांनीं गेलीं कित्येक वर्षें जमिनींतून येणारे गूढ आवाज ऐकले आहेत. उथळ जागीं होणाऱ्या लहान भूकंपांबरोबर असे आवाज येतात, हें भूकंपशास्त्राला ठाऊक आहे. २०२४ च्या मार्चमध्यें आणि पुन्हां जुलैमध्यें हिंगोली जिल्ह्याला साडेचार प्रतीचे धक्के बसले, तेव्हां माणसें घराबाहेर धांवलीं.

कथा येथेंच उभी राहते. यंत्राच्या दृष्टीनें जो गोंगाट, तीच गांवाच्या दृष्टीनें जीवनमरणाची खबर. वेधशाळेंत रात्रपाळीला असलेल्या गांवच्याच एखाद्या मुलीसमोर त्या नोंदी आल्या. तिला शिकविलें आहे कीं जमिनीची थरथर वजा करावी आणि आकाशाची ठेवावी. पण त्या थरथरींत तिला आपल्या घराखालची जमीन ओळखूं आली, तर ती काय वजा करील आणि काय ठेवील? या एका ‘जर’मध्यें भौतिकशास्त्र आहे, कर्तव्याचा पेंच आहे आणि मुलूखही आहे. हा प्रसंग पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या लेखकाला सुचणें कठीण. कुरुंद्याच्या लेखकाला तो अंगणांत सांपडतो.

येथें कालाचा एक योगही ध्यानांत घेण्याजोगा आहे. १९७४ सालीं ‘कृष्णविवर’ लिहिली गेली, तेव्हां अशा वस्तूंच्या अस्तित्वाविषयीं विद्वानांतही वाद होते. तिच्या लेखकानेंच पुढें पुण्यास ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारली. त्या संस्थेंत संजीव धुरंधर यांनीं गुरुत्वीय लहरी गोंगाटांतून वेगळ्या कशा ओळखाव्या, या प्रश्नावर मूलगामी काम केलें, आणि औंढ्याच्या वेधशाळेच्या उभारणींत हीच संस्था भागीदार आहे. टोपणनांवानें धाडलेली एक कथा आणि हळदीच्या मुलखांत योजिलेलें हें यंत्र यांच्यामधील अंतर पन्नास वर्षांचें आहे. कथेमुळें यंत्र निर्माण होतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु अशा यंत्राकडे भयानें किंवा आंधळ्या कौतुकानें न पाहतां समजुतीनें पाहणारा समाज तयार करण्यांत कथेचा वांटा असतो, हें मान्य करावें लागेल.

कुरुंद्याचा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि मराठी नियतकालिकांचीं केंद्रें पुण्यामुंबईस. अशा स्थितींत येथील कितीएक गोष्टी लिहिल्याच गेल्या नसतील. आज ती अडचण राहिलेली नाहीं. हस्तलिखित क्षणार्धांत कोठेंही पोंचतें. तरी तें उघडून वाचणारा संपादक आणि छापल्यावर तें विकत घेणारा वाचक, हे दोघे पूर्वीइतकेच दुर्मिळ आहेत. यांतील संपादक वाचकाच्या बळावर उभा असतो. म्हणून या बाबतींतील शेवटची जबाबदारी शहरांतील सुशिक्षित कुटुंबांकडे येते. दिवाळींत घरीं येणाऱ्या अंकांपैकीं एक तरी असा असावा, कीं ज्यांत विज्ञानकथा आहे. तींतील ओळखीचीं नांवें वाचून झाल्यावर अनोळखी नांवाची कथाही वाचावी, आणि ती आवडली तर संपादकाला दोन ओळी लिहून तसें कळवावें. पुढच्या वर्षीं त्या लेखकाला जागा मिळेल कीं नाहीं, हें पुष्कळदां त्या दोन ओळींवर ठरतें.